तीन दिवसांत गुण देणारी ट्यूब

या महिन्याच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली, म्हणून बाकीची (कोंडा, चिखल्या, एक हट्टी चामखीळ) पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. विषय मुरुमांचा. तारुण्यपीटिका हा शब्द मी आयुष्यात फक्त लेखांत वापरला, दवाखान्यात तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आमच्या साताऱ्याकडे पुटकुळ्या म्हणतात, पोरं पिंपल म्हणतात, आणि मुरूम म्हटलं की वर्गातलं एखादं टारगट पोरगं हमखास विचारतं, "रस्त्यावर टाकतात तोच का?" हा विनोद मी स्वतः नववीत असताना ऐकलाय. तेव्हाही हसू आलं नव्हतं.

एक आई, बारामती

*नमस्कार मॅडम. माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीत आहे. दिवाळीच्या आधी तिच्या गालांवर आणि कपाळावर मुरूम आले. ओळखीच्या मेडिकलवाल्यांनी एक ट्यूब दिली. तीन-चार दिवसांत चेहरा इतका साफ झाला की शेजारणींनी नाव विचारून घेतलं. रंगही उजळला. तीन महिने ती रोज रात्री लावत होती. आता एक दिवस चुकला तरी चेहरा लालबुंद होतो, आग होते, बारीक पुरळ उठतं, उन्हात जाववत नाही. परत लावली की थांबतं. म्हणजे तिला हीच ट्यूब सूट होते असं आम्हाला वाटतं. कायम लावली तर चालेल का? बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे. ट्यूबचा फोटो सोबत पाठवते.*

ताई, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, नाहीतर मला अंदाजाने बोलावं लागलं असतं. ट्यूबच्या पाठीमागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तीन नावं आहेत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिलं रंग फिका करणारं, दुसरं त्वचेची साल काढणारं, आणि तिसरं स्टिरॉइड. हे मिश्रण मुळात मोठ्या माणसांच्या वांगासाठी, तेही डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे वापरायचं असतं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मुरुमांवर ते देण्याचं काही कारण नव्हतं.

मग चार दिवसांत गुण कसा आला? स्टिरॉइड सूज दाबतं आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. लाली गेली, फुगलेले मुरूम बसले, चेहरा पांढरट पडला. त्या पांढरटपणाला आपण "उजळला" म्हणतो. पण मुरूम ज्या कारणाने येतात ते कारण जिथल्या तिथे राहिलं. रोज लावत गेलं की त्वचा पातळ होते, गालांवर लाल-जांभळ्या रेघा दिसायला लागतात, कधी मुलींच्या गालावर केस वाढतात, आणि स्टिरॉइडमुळे नवे मुरूम येतात ते वेगळेच. लावणं थांबवलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात. ती आग, तो लालबुंदपणा हा तिच्या मूळ आजाराचा नाही, ट्यूबचा आहे.

"सूट होते" या शब्दावर माझा राग आहे. लावलं की बरं वाटतं आणि सोडलं की छळतं, याला आपण सूट होणं म्हणतो. माझ्या आजोबांना तंबाखूही अशीच सूट होत होती.

आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला नावच देऊन टाकलंय, कारण असे चेहरे आम्ही रोज बघतो: 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा'. आमच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम काढली. २०१८ साली सरकारने नियम कडक केले, यांतली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरलं. कागदावर ठरलं. खोक्यावर 'आरएक्स' छापलेलं असतं, आणि तरी "काकू, ही लावून बघा" म्हणून ट्यूब काउंटरवरून सरकते. तुमच्या ओळखीच्या दुकानदाराने वाईट हेतूने दिली असं मी म्हणत नाही. त्यांच्या घरातल्या मुलीही कदाचित तीच लावत असतील.

आता काय करायचं. ट्यूब आज कचऱ्यात टाकून स्वस्थ बसू नका. ती घेऊन मुलीला याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. किती जोराचं स्टिरॉइड, किती दिवस लावलं, त्वचा किती पातळ झालीय हे बघून ते एकदम थांबवायचं की हळूहळू उतरवायचं हे ठरवावं लागतं. थांबवल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आतापेक्षा वाईट दिसेल. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नव्वद टक्के घरं याच टप्प्यावर "हे डॉक्टर काही बरोबर नाहीत" म्हणून पुन्हा ट्यूबकडे वळतात (नव्वद हा माझ्या खुर्चीतून दिसणारा आकडा, अभ्यासातला नव्हे). पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर ब्लीच, फेशियल, स्क्रब, बेसन, लिंबू सगळं बंद. चेहऱ्याला साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, बाहेर जाताना सनस्क्रीन, आग झाली तर गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं. मुरुमांचं खरं औषध त्यानंतर, त्वचा सावरली की.

परीक्षेचं म्हणाल तर हॉल तिकिटावरचा फोटो काढून झालेला असेल, आणि पेपर तपासणाऱ्याला चेहरा दिसत नाही. "एवढी परीक्षा होऊ दे, मग सोडू" असं करू नका. परीक्षेनंतर मामाचं लग्न येतं, लग्नानंतर कॉलेजचा पहिला दिवस.

एक काम मात्र तुम्हीच करा. ज्या शेजारणींनी नाव लिहून घेतलं होतं, त्यांच्याकडे जाऊन या.

एक विद्यार्थी, लातूर

*डॉक्टर मॅडम, मी १७ वर्षांचा आहे. मूळ गाव परभणीकडचं, नीटच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर राहतो. गालांवर, कपाळावर भरपूर पिंपल आहेत. एका डॉक्टरांनी दोन जेल दिले, सकाळचा आणि रात्रीचा. नऊ दिवस लावले, काही फरक नाही, उलट तोंड सोललं म्हणून बंद केलं. रूममेट म्हणतो टूथपेस्ट लाव. दुसरा म्हणतो पोट साफ नसतं म्हणून होतं. अजून एक विचारायचं आहे. मला एक सवय आहे (तुम्हाला समजलं असेल). त्यामुळे पिंपल येतात का? कृपया नाव छापू नका.*

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं पत्र तू त्याच्यासाठी लिहिलंयस. नाही. हस्तमैथुनाचा आणि मुरुमांचा काही संबंध नाही. दोन्ही एकाच वयात सुरू होतात एवढंच, कारण दोन्हींच्या मागे वयात येताना वाढणारे तेच हार्मोन आहेत. तुझ्या चेहऱ्यावरून तुझी सवय कुणालाही वाचता येत नाही. गेली तीस वर्षं हा प्रश्न मला मुलं दार लोटून, आईला बाहेर बसवून, टेबलाकडे बघत विचारतात. आता तरी मनावरचं ओझं काढ आणि पुढचं वाच.

तू नीटवाला, त्यामुळे सिबेशियस ग्रंथी तुला मला शिकवायला नको. वयात येताना अँड्रोजेन वाढतात, ग्रंथी जास्त तेल करतात, केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत तेल साठतं, आणि त्यात 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हा जंतू वाढून सूज येते. (तुझ्या जुन्या नोट्समध्ये त्याचं नाव 'प्रोपिओनिबॅक्टेरियम' असेल, जंतू तोच.) बूच उघडं राहिलं की टोक काळं दिसतं. तो काळेपणा रंगद्रव्याचा आहे, मळाचा नाही. त्यामुळे दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन तो जाणार नाही. दोनदा धू, साध्या सौम्य फेसवॉशने, आणि घासू नकोस.

आता त्या नऊ दिवसांबद्दल. आज तुझ्या गालावर जो पिंपल दिसतोय त्याचं बूच दीड-दोन महिन्यांपूर्वी बसलं होतं. औषध नव्या बुचांना अडवतं. आधी पेरलेलं आहे ते उगवणारच. म्हणून फरक दिसायला सहा ते आठ आठवडे आणि नीट निकाल लागायला तीन महिने. तू मॉक टेस्टच्या पहिल्या पानावर पेपर सोडून उठलास.

पत्रासोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून सकाळचं बेंझॉइल पेरॉक्साइड आहे, अडीच टक्क्यांचं, आणि रात्रीचं अडापालिन, ०.१ टक्के. दोन्ही योग्य आहेत. तुझ्या डॉक्टरांनी अडीच टक्केच दिलं ही समजुतीची गोष्ट, कारण जास्त टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, साल मात्र जास्त निघते. चूक लावण्यात झाली असावी. मी माझ्याकडच्या पोरांना असं सांगते: रात्री तोंड धुऊन पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, त्वचा पूर्ण कोरडी झाली पाहिजे. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल घ्यायचं, आणि ते अख्ख्या चेहऱ्याला पुरवायचं. पिंपल दिसेल तिथे टिकली लावल्यासारखं लावायचं नाही, कारण उद्याचा पिंपल शेजारच्या रिकाम्या जागेत तयार होतोय. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या बाजूच्या घड्या आणि ओठ सोडायचे. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड लाव. तोंड सोललं तर आधी मॉइश्चरायझर, वर जेल. सुरुवातीला थोडे जास्त पिंपल आल्यासारखे वाटतील, त्याला घाबरू नकोस.

एक इशारा, कारण हॉस्टेल आहे: बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं. पांढरा टॉवेल आणि पांढरी उशीची खोळ वापर. आमच्याकडे एका मुलाने रूममेटच्या निळ्या टॉवेलला तोंड पुसलं आणि त्यावरून खोली बदलायची वेळ आली.

टूथपेस्ट दातांना. त्वचेवर ती पोळते आणि मागे काळा डाग ठेवते, तो पिंपलपेक्षा जास्त दिवस टिकतो. पोट साफ असणं चांगलंच, पण मुरुमांशी त्याचा संबंध नाही. मेसच्या तेलकट भाजीलाही फाशी देऊ नकोस. संबंध दिसतो तो साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याशी: कोल्ड्रिंक, बिस्किटांचे पुडे, रात्री जागताना गोड चहाचे चार कप. तेवढं कमी झालं तर बघ. भाकरी मिळाली तर खा. लातुरात मिळायला हरकत नाही.

आणि रूममेटांपैकी कुणी "ह्या गोळ्या घे, मला फरक पडला" म्हणून अँटिबायोटिकची पट्टी दिली तर घेऊ नकोस. गोळ्या लागतात तेव्हा आम्ही देतो, बहुधा डॉक्सिसायक्लिन, तेही तीन-चार महिन्यांच्या पुढे नाही, आणि सोबत लावायचं औषध चालू ठेवून. ती गोळी दोन घोटांत गिळून लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते, हे हॉस्टेलवर कुणी सांगत नाही.

एक आजी, रत्नागिरी

*डॉक्टरीणबाईंना अनेक आशीर्वाद. आमच्या वेळी पुटकुळी आली की सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावत असू, डोक्याला खोबरेल चोपडून. कधी डॉक्टर बघितला नाही. आता माझ्या नातवाला (वय १४) कपाळावर, खांद्यांवर, पाठीवर बारीक पुरळ आलंय. पावसाळ्यापासून वाढलंय, खाजतं. सून त्याला पिंपलची क्रीम लावते, उतार नाही. मी जायफळ लावू म्हटलं तर मला गप्प बसवतात. तुम्हीच सांगा सुनेला.*

आजी, नमस्कार. सुनेला सांगते, पण तुम्हालाही सांगावं लागणार.

जायफळ माझ्याही आजीने लावलंय मला. वाईत, चौकात बसवून, "हलू नको गो" म्हणत. सहाणेवरच्या त्या थंड लेपाचं सुख मी नाकारणार नाही. पण जायफळात तेलं असतात, ती काहींच्या त्वचेला झोंबतात, आणि झोंबलेल्या जागी आपल्या वर्णाला काळा डाग राहतो. लिंबाचं तर विचारूच नका. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या पोरींच्या गालांवर भाजल्यासारखे ओघळ मी पाहिलेत. हळद-चंदन कुणाला सोसत असेल तर सणासुदीला लावा, औषध म्हणून नको. "आमच्या वेळी डॉक्टर बघितला नाही" हे खरंय. पण आमच्या वेळच्या लग्नाच्या फोटोंतले खड्डे आठवून बघा. ते कुणी मोजले नाहीत एवढंच.

खोबरेलाचं मात्र गंभीर आहे. ते केसांना छान, कपाळाला वाईट. डोक्यातून ओघळलेलं तेल केसांच्या रेषेखाली छिद्रं बुजवतं. कपाळभर बारीक दाणे आणि गाल स्वच्छ असं पोर दारातून आत आलं की मी आधी त्याच्या डोक्याचा वास घेते. तेल लावायचंच तर नहाण्याच्या आधी तासभर लावा आणि धुऊन टाका. रात्रभर उशीवर नको.

आता नातवाचं. बघितल्याशिवाय ठाम सांगता येत नाही, पण तुमचं वर्णन मला मुरुमांचं वाटत नाही. सगळे दाणे एका आकाराचे, खाज, खांदे-पाठ, पावसाळ्यात वाढ: हे बुरशीचं असण्याची शक्यता मोठी आहे. मॅलासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर राहते, तेल खाते, आणि कोकणातल्या दमट हवेत घामट बनियनखाली तिची चंगळ होते. मुरूम सहसा खाजत नाहीत, आणि त्यांत लहान, मोठे, काळे, लाल असे सगळे नमुने एकत्र सापडतात. हे जर बुरशीचं असेल तर पिंपलची क्रीम काय करणार? अँटिबायोटिकने तर ते वाढतंही. डॉक्टरना दाखवून बुरशीवरचं औषध घ्या. खेळून आल्यावर अंघोळ, सुती बनियन, ओला शर्ट अंगावर वाळवायचा नाही. यात सून आणि तुम्ही दोघीही थोड्या चुकलात आणि दोघीही थोड्या बरोबर, तेव्हा आता समेट करा.

वय १८, जिम करतो, कोल्हापूर

*सहा महिन्यांपासून व्हे प्रोटीन घेतोय. पाठ आणि खांदे पिंपलने भरलेत. प्रोटीनमुळे का?*

असू शकतं. व्हे प्रोटीन दुधाचंच, आणि ते घेणाऱ्या काही मुलांत मुरूम उसळतात. तीन महिने बंद ठेवून बघ, अंडी, डाळ, चिकनवर भागव. कोल्हापुरात तुला प्रोटीन कमी पडलं तर कमाल आहे. पण डबा आणणाऱ्याने त्यासोबत एखादी 'साइज वाढवणारी' गोळी किंवा इंजेक्शनही दिलं असेल तर ते खरं खरं डॉक्टरना सांग. ॲनाबॉलिक स्टिरॉइडचे मुरूम भयंकर असतात, आणि चेहऱ्यापेक्षा आत जास्त नुकसान होतं.

एक वडील, नाशिक

*माझी मुलगी १७ वर्षांची, वजन ५० किलो. हनुवटीवर, जबड्यावर, पाठीवर मोठ्या दुखऱ्या गाठी येतात, पू होतो, खड्डे पडू लागलेत. जेल, गोळ्या सगळं झालं. आता डॉक्टरांनी आइसोट्रेटिनॉइन २० मिलिग्रॅम रोज सांगितलं आहे, तेही दहा महिने. औषधाच्या दुकानात एक जण म्हणाला, "मुलीला ही गोळी देऊ नका, पुढे मूल होत नाही." घरात रडारड झाली. गोळ्या कपाटात पडून आहेत.*

दुकानातल्या माणसाने अर्धं वाक्य ऐकलं होतं. पूर्ण वाक्य असं: ही गोळी चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग होण्याचा मोठा धोका असतो. म्हणून गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा होताच कामा नये. त्यानंतर पुढे मूल होण्यावर तिचा परिणाम राहत नाही. मुलगी १७ वर्षांची असली तरी तिच्या डॉक्टरनी हे तिच्याशी, एकटीशी, मोकळेपणाने बोललं पाहिजे, आणि तुम्ही त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलं पाहिजे. यात तिच्यावर संशय घेतल्यासारखं काही नाही. हा त्या औषधाचा नियम आहे.

दहा महिने का? या औषधाचा हिशेब वजनावर चालतो. साधारणपणे संपूर्ण कोर्समध्ये किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जावं असं धरतात. ५० किलोला १२० म्हणजे ६००० मिलिग्रॅम. रोज २० प्रमाणे तीनशे दिवस. झाले दहा महिने. डॉक्टरांनी आकडा हवेतून काढलेला नाही.

खड्डे पडायला लागलेत हे तुम्ही स्वतः लिहिलंय, म्हणजे थांबायला आता वेळ नाही. मुरूम जातो, खड्डा राहतो, आणि खड्डे भरायचे उपचार लांबलचक नि खर्चिक आहेत, शिवाय पूर्ण भरून येतीलच असं नाही. गोळी जेवणासोबत द्या. पोळीला थोडं तूप असू दे, स्निग्ध पदार्थाबरोबर ती जास्त चांगली शोषली जाते. ओठ फुटतील, अगदी हमखास. व्हॅसलीनची डबी दप्तरात, एक उशीशी. नाकातून कधी रक्ताचा थेंब येईल. सुरुवातीला आणि मग मधूनमधून यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी होईल. व्हॅक्सिंग नको, त्वचा सोलून निघते. अँटिबायोटिकच्या जुन्या गोळ्या उरल्या असतील तर त्या सोबत मुळीच नको, डॉक्सिसायक्लिनच्या बरोबर ही दिली तर डोक्यातला दाब वाढू शकतो. आणि तिच्या मनःस्थितीकडे लक्ष ठेवा. गोळीने उदासी येते का यावर बराच वाद आहे, पण मुलगी गप्प झाली, झोप उडाली, तर वादाचा निकाल लागायची वाट न बघता डॉक्टरना फोन करा.

पाळीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, बापमाणसं लिहीत नाहीत. तिच्या आईला विचारा. पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटली तरी ती फार अनियमित असेल, आणि हनुवटीवर जाड केस येत असतील, तर हार्मोनची तपासणी लागते. पाळीची पहिली दोन-तीन वर्षं मात्र ती मागेपुढे होतेच. तेवढ्यावरून कुणी पोरीच्या कपाळावर पीसीओएसचा (अंडाशयाशी जोडलेल्या हार्मोनच्या बिघाडाचा) शिक्का मारला तर घाई समजा.

इयत्ता आठवी, विटा

*मॅडम, २२ डिसेंबरला आमचं गॅदरिंग आहे. मी लावणीत पुढच्या रांगेत आहे. नाकावर एक मोठा पिंपल आलाय. आई म्हणते फोडू नको, मैत्रीण म्हणते सुईने फोड. लवकर उत्तर द्या!!*

बाळा, तुझं पत्र मिळालं १९ तारखेला, आणि हा अंक तुझ्या हातात पडेल तेव्हा घुंगरं पेटीत गेलेली असतील. तरी सांगते.

मी १६ वर्षांची असताना मावसबहिणीच्या हळदीच्या आदल्या रात्री डाव्या गालावरचा पिंपल सेफ्टी पिनने फोडला. पिन मेणबत्तीवर तापवून घेतली होती, म्हणजे आपण फार शास्त्रीय आहोत असा माझा समज. सकाळी गाल लिंबाएवढा सुजला. हळदीच्या सगळ्या फोटोंत मी उजवीकडे तोंड करून उभी आहे, आणि तो खड्डा आजही आहे. पेशंट मुली समोर बसल्या की त्यांची नजर एकदा तरी तिथे जाते, मग मीच दाखवते. दाबलं की निम्मा पू बाहेर येतो आणि निम्मा आत फुटतो. तुझा तर नाकावरचा, तिथे तर हात लावायचाच नाही. आई बरोबर आहे.

गॅदरिंगच्या मेकअपचं: लावलास ते ठीक. पण तो घरी येऊन त्याच रात्री काढायचा, कितीही झोप आली तरी. दुसऱ्यांच्या स्पंजने लावायचा नाही. आणि स्टेजवरच्या दिव्यांत पुढच्या रांगेतल्या मुलीच्या नाकावरचं काही पाचव्या रांगेच्या मागे दिसत नाही, हे मी स्वतः पाचव्या रांगेच्या मागे बसून बघितलेलं आहे.

पुढच्या वर्षी असं पत्र लिहायचं झालं तर डिसेंबरात नको, सप्टेंबरात पाठव.